फुंकल्याशिवाय सुरू न होणारी गाडी: अल्कोहोल इंटरलॉकबद्दल सोलापुरात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दारू पिऊन गाडी चालवताना सापडलेल्या माणसासाठी आणि त्याच्या घरच्यांसाठी हे लिहिलं आहे. सोलापुरात मी व्यसनमुक्तीसाठी समुपदेशन करते. नाकाबंदीत सापडलेला माणूस बहुतेक वेळा बायकोच्या किंवा भावाच्या आग्रहाने माझ्याकडे येतो. त्याचा पहिला प्रश्न दंडाचा असतो, दुसरा लायसनचा. दारूचा विषय निघायला दोन-तीन भेटी जातात. अलीकडे मात्र मोबाइलवर व्हिडिओ बघून लोक विचारतात, ‘मॅडम, फुंकल्याशिवाय गाडी सुरूच होत नाही असं मशीन असतंय म्हणे, ते बसवलं तर?’ या प्रश्नाचं उत्तर एका वाक्यात देता येत नाही, म्हणून हे सगळं.

हे यंत्र नेमकं काय असतं?

हातात मावेल एवढा हँडसेट असतो. तो वायरने गाडीच्या डॅशबोर्डमागे बसवलेल्या कंट्रोल युनिटला जोडलेला असतो आणि ते युनिट स्टार्टरच्या सर्किटमध्ये असतं. चावी फिरवली की हँडसेट गरम व्हायला काही सेकंद घेतो. मग नळीत सलग काही सेकंद फुंकायचं. श्वासातलं अल्कोहोल ठरवलेल्या मर्यादेखाली असेल तर स्टार्टरला वीज मिळते, नाहीतर गाडी सुरूच होत नाही. ठरावीक वेळ थांबून पुन्हा फुंकता येतं. प्रत्येक फुंकर, तिची वेळ आणि आकडा आत साठत जातो. काही यंत्रांना कॅमेराही असतो, फुंकणाऱ्याचा फोटो काढायला.

फुंकलं की आत काय होतं? पोलिसांच्या मशीनसारखंच का?

तत्त्व तेच. चांगल्या यंत्रात फ्युएल सेल असतो. श्वासातलं अल्कोहोल प्लॅटिनमच्या इलेक्ट्रोडवर ऑक्सिडाइज होतं, त्यातून सूक्ष्म वीजप्रवाह तयार होतो, आणि प्रवाह जेवढा जास्त तेवढं अल्कोहोल जास्त. ऑनलाइन मिळणाऱ्या स्वस्त मशीनमध्ये सेमीकंडक्टर सेन्सर असतो. तो अल्कोहोल सोडून इतर वाफांनाही फसतो आणि लवकर भरकटतो. फ्युएल सेलचंही अधूनमधून कॅलिब्रेशन, म्हणजे आकडा बरोबर येतो ना ते तपासून जुळवणं, करावंच लागतं. परदेशात त्यासाठी साधारण महिन्या-दोन महिन्यांनी गाडी सर्व्हिस सेंटरवर न्यावी लागते, त्याच वेळी आतली नोंद काढून घेतात. म्हणून नुसतं यंत्र विकणाऱ्यापासून सावध राहा. मागे सर्व्हिस नसेल तर काही महिन्यांत ते शोभेची वस्तू होतं.

चालत्या गाडीत मर्यादा ओलांडली तर इंजिन बंद पडतं का? हायवेवर मागून ट्रक आला तर?

नाही. चालू इंजिन हे यंत्र कधीच बंद करत नाही. ही भीती इतकी पसरलेली आहे की मी ती आधीच काढून टाकते. गाडी सुरू झाल्यावर काही मिनिटांनी आणि पुढे अधूनमधून यंत्र पुन्हा फुंकायला सांगतं. याला पुनर्चाचणी म्हणतात. समजा तुम्ही पुण्याकडून येताय आणि सावळेश्वरचा टोलनाका ओलांडल्यावर बीप वाजला. यंत्र तुम्हाला काही मिनिटांची मुदत देतं, त्यात गाडी बाजूला घेऊन फुंकायचं. फुंकलं नाही किंवा आकडा जास्त आला, तर नोंद होते आणि अनेक यंत्रांत हॉर्न वाजायला लागतो, दिवे उघडझाप करतात. इंजिन चालूच राहतं.

पुनर्चाचणी ठेवण्याचं कारण साधं आहे. शुद्धीत गाडी सुरू करून धाब्यावर इंजिन चालू ठेवूनच प्यायला बसणारे लोक सगळ्या देशांत आहेत.

दुसऱ्याने फुंकून दिलं तर? पोराने, क्लीनरने?

म्हणूनच कॅमेरा आणि म्हणूनच पुनर्चाचणी. काही यंत्रांत फुंकता फुंकता गुणगुणावं लागतं किंवा ठरावीक पद्धतीने श्वास ओढावा-सोडावा लागतो. फुग्यातली किंवा पंपाची हवा तिथे चालत नाही. बॅटरी काढली, वायर तोडली, धक्का मारून गाडी सुरू केली, तर त्याचीही नोंद होते.

लहान मुलाला फुंकायला लावणारा बाप मात्र यंत्राच्या पलीकडचा प्रश्न आहे. तसं घरात घडत असेल तर आधी आमच्याशी बोला.

भारतात कोर्ट हे यंत्र बसवायचा आदेश देतं का?

मोटार वाहन कायदा, १९८८ मध्ये तशी शिक्षा किंवा अट लिहिलेली नाही. दारू पिऊन गाडी चालवण्याचं कलम १८५ आहे, आणि त्यात तुरुंगवास आणि दंड एवढंच आहे.

एक धागा मात्र आपल्याच कायद्यात आहे आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं. परिवीक्षा कायदा, म्हणजे प्रोबेशन ऑफ ऑफेंडर्स ॲक्ट, १९५८. त्याच्या कलम ४ खाली कोर्ट गुन्हेगाराला लगेच शिक्षा न देता चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर आणि देखरेखीखाली सोडू शकतं. देखरेखीचा आदेश असेल तर त्या बंधपत्रात ‘नशेपासून दूर राहणे’ ही अट घालता येते, हे कायद्याच्या मजकुरातच आहे. गुन्हा पुन्हा घडू नये म्हणून इतर अटीही घालता येतात. जीव गेलेल्या अपघातांत ही सवलत देऊ नये, असं सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये दलबीर सिंग खटल्यात बजावलं आहे आणि ते मला पटतं. पण नाकाबंदीत पहिल्यांदाच सापडलेल्या, कुणालाही इजा न केलेल्या माणसाच्या बाबतीत वकिलाने हा मुद्दा मांडून पाहायला हरकत नाही. सोबत उपचार सुरू केल्याचा कागद असेल तर बोलायला आधार मिळतो.

मग आत्ता सोलापुरात सापडलो तर काय होतं?

मर्यादा आहे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल. ती ओलांडली की:

पहिल्या गुन्ह्याला ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. दुसऱ्यांदा सापडल्यास २ वर्षांपर्यंत कैद किंवा १५,००० रुपये दंड किंवा दोन्ही. हे आकडे २०१९ च्या दुरुस्तीनंतरचे आहेत. हेल्मेटच्या चलानसारखं हे प्रकरण जागेवर पैसे भरून मिटत नाही, कोर्टात उभं राहावं लागतं. कोर्टात दोष सिद्ध झाला तर किमान ६ महिने गाडी चालवायला अपात्र ठरवण्याची तरतूद कलम २० मध्ये आहे. शिवाय पोलीस लायसन ताब्यात घेऊन आरटीओकडे पाठवू शकतात. ते परत मिळवताना चालकाने उजळणी प्रशिक्षण घ्यावं, हेही २०१९ पासून कायद्यात आहे.

ब्रेथ ॲनालायझर फुंकायला नकार देऊन सुटका होत नाही. पोलीस अटक करू शकतात, आणि अटकेनंतर दोन तासांच्या आत दवाखान्यात नेऊन रक्त तपासता येतं. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, हेल्पलाइन १५१००.

पिऊन अपघात केला तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमादावा नाकारला जातो. टेम्पो कर्जावर घेतलेल्या माणसाला हे वाक्य कलम १८५ पेक्षा जास्त लागतं, असा माझा अनुभव आहे.

हे यंत्र जगात कुठे वापरतात?

गुन्हेगार चालकांसाठी पहिला कायदेशीर प्रयोग कॅलिफोर्नियात १९८६ मध्ये सुरू झाला. आज अमेरिकेच्या सगळ्या राज्यांत या ना त्या स्वरूपात इंटरलॉकचा कायदा आहे. न्यू मेक्सिकोने २००५ पासून पहिल्याच गुन्ह्याला ते सक्तीचं केलं. स्वीडनने १९९९ मध्ये सुरुवात केली. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात २०१८ पासून पिऊन गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला लायसन परत मिळवताना हे यंत्र बसवावं लागतं आणि तिथे मर्यादा शून्य आहे.

गुन्हा न केलेल्यांसाठीही ते वापरतात. फ्रान्समध्ये प्रवासी बसमध्ये ते सक्तीचं आहे, फिनलंडमध्ये शाळेच्या मुलांची ने-आण करणाऱ्या गाड्यांत. आणि युरोपीय संघात जुलै २०२४ पासून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या कारमध्ये पुढे कधी इंटरलॉक बसवायचा झाला तर तो सहज बसावा, अशी सोय कंपनीने आधीच करून द्यावी लागते.

त्याने खरंच फरक पडतो का? की नुसता खर्च?

पडतो, पण यंत्र गाडीत आहे तोवर. हे नीट समजून घ्या, कारण सगळा विषय इथेच आहे.

वेगवेगळ्या देशांतले अभ्यास एकत्र करून पाहिले की एकच चित्र दिसतं. इंटरलॉक बसवलेला असताना पुन्हा पिऊन गाडी चालवताना सापडण्याचं प्रमाण सुमारे दोन तृतीयांशाने घटतं. एवढा परिणाम दंडाने होत नाही, भाषणाने होत नाही. पण कॉक्रेन या संस्थेने २००४ मध्ये घेतलेल्या आढाव्यात दुसरी बाजूही समोर आली: यंत्र काढलं की फायदा ओसरतो आणि माणसं जुन्या वाटेला लागतात. नंतरच्या अभ्यासांतही बहुतेक हेच दिसलं आहे.

मोडलेल्या हाडाला प्लास्टर घालतात ना, तसं हे आहे. प्लास्टर हाड जोडत नाही, ते जुळून येईपर्यंत हलू देत नाही. इंटरलॉक दारू सोडवत नाही. तो वर्ष-दोन वर्षं माणसाला आणि रस्त्यावरच्या इतरांना सुरक्षित ठेवतो, आणि तेवढ्या काळात दारूचं काय करायचं ते आपल्याला करायचं असतं. ते केलं नाही तर यंत्र काढल्याच्या दुसऱ्या दिवशी आपण जिथून निघालो तिथेच असतो. फ्लोरिडात इंटरलॉकसोबत व्यसनाचे उपचारही घेतलेल्या लोकांचा अभ्यास झाला. त्यांच्यात यंत्र काढल्यानंतरही पुन्हा सापडण्याचं प्रमाण, नुसतं यंत्र बसवलेल्यांपेक्षा साधारण एक तृतीयांशाने कमी होतं.

म्हणून कुणी मला विचारलं की यंत्र हवं की उपचार, तर मी सांगते, उपचार आधी. दोन्ही मिळाले तर उत्तम.

लायसन रद्द केलं की पुरे नाही का? यंत्र कशाला?

लायसन रद्द झालेला माणूस गाडी चालवायची थांबत नाही, हे तुमच्या गल्लीतलंच उदाहरण घेऊन पाहा. जुळे सोलापुरात राहणाऱ्या आणि चिंचोळी एमआयडीसीत रात्रपाळी करणाऱ्या माणसाची रात्री दोन वाजता कामावरून सुटल्यावर घरी यायची सोय काय? तो लायसनशिवाय चालवतो, आता पकडलं जाण्याच्या भीतीने आडरस्त्याने चालवतो, आणि पितोही. इंटरलॉकमध्ये रोजगार चालू राहतो, घर चालतं, आणि शुद्धीत असेल तरच गाडी हलते. स्वीडन आणि फिनलंडमध्ये म्हणूनच चालकापुढे पर्याय ठेवतात: ठरावीक काळ लायसन गमवा, किंवा स्वखर्चाने इंटरलॉक बसवून चालवत राहा. स्वीडनमध्ये हा काळ एक वर्षाचा असतो. अल्कोहोलचं प्रमाण फार जास्त निघालं, गुन्हा पुन्हा केला किंवा व्यसन जडल्याचं निदान झालं, तर दोन वर्षांचा.

यंत्रातल्या नोंदीचा उपचाराला काय उपयोग?

समुपदेशक म्हणून मला या सगळ्यात सर्वांत मोलाची वाटते ती ही नोंद.

दारूच्या बाबतीत माणूस खोटं बोलतो. स्वभावानं खोटा असतो म्हणून नव्हे, ते त्या आजारातच येतं. ‘फक्त शनिवारी, तेही दोनच पेग’ हे वाक्य मी इतक्या तोंडून ऐकलं आहे की आता ते सुरू झालं की पुढचं मला पाठ असतं. समोर नोंद असेल तर वाद घालायचा प्रश्नच उरत नाही. गाडी कुठल्या वारी, किती वाजता अडली ते दिसतं, आणि मग खरा प्रश्न विचारता येतो: त्या दिवशी काय झालं होतं?

यंत्र नसतानाही आम्ही त्याचा एक साधा अवतार वापरतो. शंभर पानी वही. नवरा रोज गाडी काढण्याआधी घरातल्या छोट्या ब्रेथ ॲनालायझरवर फुंकतो आणि आकडा स्वतःच्या हाताने लिहितो. एका टेम्पोचालकाची वही डोळ्यांपुढे आहे. निळ्या पेनाने वार, वेळ, ‘शून्य’. पुन्हा वार, वेळ, ‘शून्य’. पगाराच्या दिवसाची ओळ कोरी, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशीची सकाळही कोरी. पुढच्या पगारालाही तसंच. त्याच्या बायकोने एक शब्द न बोलता दोन्ही पानं माझ्यापुढे उलगडली. त्याने बराच वेळ वहीकडे पाहिलं आणि पहिल्यांदा स्वतःहून म्हणाला, ‘पैसे हातात आले की माझा ताबा राहत नाही.’ पगार थेट घरच्या खात्यात जमा करायचं तिथेच ठरलं. हे मी समजावून सांगितलं असतं तर त्याने मान डोलावली असती आणि विसरला असता.

रात्री घेतली, झोपलो, सकाळी अंघोळ करून निघालो. तरी यंत्र अडवेल?

हो, आणि परदेशात इंटरलॉक बसवलेल्यांच्या गाड्या सकाळी अडल्याच्या नोंदी पुष्कळ सापडतात.

हिशोब करून पाहू. एक क्वार्टर म्हणजे १८० मिलिलिटर, आणि आपल्याकडच्या व्हिस्की-रममध्ये ४२.८ टक्के अल्कोहोल असतं. म्हणजे शुद्ध अल्कोहोल सुमारे ६० ग्रॅम. स्वीडिश शास्त्रज्ञ एरिक विडमार्क यांच्या सूत्राने ७० किलोच्या पुरुषाच्या रक्तात ते १०० मिलिलिटरला साधारण १२५ ते १३० मिलिग्रॅमपर्यंत जातं. यकृत तासाला सरासरी १५ मिलिग्रॅम एवढंच उतरवतं, कुणाचं १०, कुणाचं २०. रात्री अकराला क्वार्टर संपवली तर पहाटे साडेपाचच्या आसपास तुम्ही कायद्याच्या ३० च्या खाली येता. पूर्ण शून्य व्हायला साडेसात-आठ वाजतात. दोन क्वार्टर घेतल्या असतील तर दुसऱ्या दिवशी दुपारी दोनपर्यंत तुम्ही कायद्याने प्यालेलेच आहात. बहुतेक इंटरलॉकची मर्यादा ३० पेक्षाही कमी ठेवलेली असते.

गार पाण्याने अंघोळ, लिंबू, ताक, कडक चहा, उलटी काढणे, यातल्या कशानेही यकृताचा वेग वाढत नाही. बाईच्या शरीरात तेवढ्याच दारूने आकडा जास्त जातो आणि वजन कमी असेल तर आणखी जास्त. हा हिशोब सरासरीचा आहे, त्यावर विसंबून किल्ली फिरवू नका. मी तो सांगते तो सकाळी सहाची शाळेची व्हॅन चालवणाऱ्यांसाठी. त्यांच्यातल्या अनेकांना आपण पिऊन गाडी चालवतो असं मनापासून वाटतच नाही.

औषधाने, माउथवॉशने, खाण्याने चुकीचा आकडा येतो का?

तोंडात राहिलेलं अल्कोहोल थोडा वेळ आकडा फुगवतं. काही माउथवॉश, खोकल्याची काही सिरप, होमिओपॅथीचे थेंब, आणि आपल्याकडे हमखास विसरलं जाणारं म्हणजे आयुर्वेदातली आसवं-अरिष्टं. द्राक्षासव, अशोकारिष्ट यांत आंबवण्यातून तयार झालेलं अल्कोहोल असतंच. पाण्याने चूळ भरा, पंधरा मिनिटं थांबा, पुन्हा फुंका. तोंडातलं असेल तर आकडा उतरतो, रक्तातलं असेल तर तसाच राहतो. हाताला सॅनिटायझर लावून लगेच हँडसेट धरू नका. भाकरी, शेंगा चटणी, पान, बडीशेप यांचा काही संबंध नाही. गांजा किंवा गोळ्यांची नशा हे यंत्र ओळखत नाही.

मधुमेहींच्या श्वासातल्या ॲसिटोनला फ्युएल सेल सहसा दाद देत नाही. एक अपवाद नोंदला गेला आहे. स्वीडनमध्ये कडक कीटोजेनिक आहार (भात-पोळीसारखे पिष्टमय पदार्थ जवळजवळ बंद) घेणाऱ्या, दारू न पिणाऱ्या माणसाची गाडी इंटरलॉकने अडवली होती. त्याच्या शरीरात ॲसिटोनपासून आयसोप्रोपाइल अल्कोहोल तयार झालं असावं, असं २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या वृत्तांतात म्हटलं आहे. असं क्वचितच घडतं. दमा किंवा फुप्फुसाचा जुना आजार असेल तर लागणारी सव्वा ते दीड लिटर हवा फुंकणं जड जातं. डॉक्टरच्या दाखल्यावर ती पातळी कमी करून देता येते.

टू-व्हीलरला बसतं का?

इथे सोलापूरची खरी अडचण आहे. आपला पिणारा माणूस बहुतांशी मोटरसायकलवर असतो. इंटरलॉक मुळात कारसाठी घडवलेलं यंत्र. मोटरसायकलला ऊन, पाऊस, धूळ, कंपन हे सगळं सोसावं लागतं, हँडसेट उघड्यावर राहतो, पुनर्चाचणीला चालत्या गाडीवर फुंकता येत नाही, आणि किक मारून सुरू होणाऱ्या गाडीत नुसता स्टार्टर अडवून भागत नाही. अमेरिकेतही फार थोडे पुरवठादार ते मोटरसायकलला बसवून देतात. त्यामुळे इंटरलॉकने आपल्याकडचा सगळा प्रश्न सुटेल असं कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. शाळेच्या व्हॅन, प्रवासी जीप, ट्रॅव्हल्स, टँकर, मालवाहू टेम्पो: सुरुवात इथून व्हावी असं माझं ठाम मत आहे. तिथे गाडीचा मालक जबाबदारी घेऊ शकतो आणि एका चालकाच्या हातात अनेकांचे जीव असतात.

गाडी मालकाची आहे. उसाच्या ट्रॅक्टरवर आहे. तिथे काय?

मालकाच्या संमतीशिवाय त्याच्या गाडीत काही बसवता येत नाही. अमेरिकेत काही राज्यांत कामाच्या गाडीपुरती सूट असते, पण चालकावर निर्बंध आहेत हे मालकाला माहीत असल्याचा कागद लागतो. आपल्याकडे हंगामात दोन-दोन ट्रेलर ओढणारे ट्रॅक्टर रात्रभर रस्त्यावर असतात आणि चालक खेपेवर पैसे कमावतो. झोप नाही, थंडी आहे, सोबत बाटली आहे. तिथे यंत्राआधी मुकादमाने आणि कारखान्याच्या गेटवर कुणीतरी फुंकून बघायला हवं. साध्या ब्रेथ ॲनालायझरने ते होतं.

मी स्वतःहून माझ्या कारमध्ये बसवू का?

इच्छा झाली हेच मोठं आहे. पण कंपनीच्या वायरिंगमध्ये कुणाकडूनही कापाकापी करून घेऊ नका. गाडीत बदल करण्याबद्दल मोटार वाहन कायद्यात कलम ५२ आहे, वॉरंटीचा प्रश्न आहे आणि विम्याचाही. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला आणि आरटीओला लेखी विचारा, उत्तर जपून ठेवा. यंत्र युरोपच्या ईएन ५०४३६ या मानकाचं आहे का आणि कॅलिब्रेशन कोण, कुठे करून देणार, हे पैसे देण्याआधी विचारा.

यंत्र नाही, तोवर घरी काय करता येईल?

किल्ली. माझ्याकडे येणाऱ्या घरांत सर्वांत जास्त चाललेला उपाय हाच आहे. संध्याकाळी सातनंतर किल्ली घरातल्या ठरलेल्या माणसाकडे, ठरलेल्या जागी. हे त्याच्या संमतीने, तो शुद्धीत असताना, सकाळी ठरवायचं. प्यालेल्या माणसाच्या हातून किल्ली हिसकावायला जाऊ नका, वहिनी. मार बसतो आणि किल्लीही जाते. दुसरी किल्ली शोधून काढा, ती बहुतेक कपाटात किंवा त्याच्या मित्राकडे असते. लग्नाला, जत्रेला, मंगळवेढ्या-अक्कलकोटला पाहुण्यांकडे जाताना परत कोण चालवणार हे निघण्याआधी ठरवा. तिथे पोहोचल्यावर ठरवू म्हणालात की ठरत नाही.

आणि वही ठेवा.

आजपासून एकदम बंद करतो म्हणतोय. करू द्यावं का?

रोज, सकाळपासून पिणारा असेल तर डॉक्टरच्या देखरेखीशिवाय एकदम बंद करू देऊ नका. हात थरथरणं, घाम, झोप उडणं यापासून सुरुवात होते. फिट येऊ शकते, आणि दोन-तीन दिवसांनी भ्रम होऊन माणूस नसलेल्या गोष्टी पाहू लागतो. ही अवस्था जिवावर बेतू शकते. दवाखान्यात औषधांनी हे काही दिवस सुरक्षित पार पडतात. प्रसादातून, चहातून गुपचूप पावडर देण्याच्या जाहिरातींना बळी पडू नका. दारूची किळस आणणारं डायसल्फिरॅम नकळत दिलं आणि वर माणूस प्याला तर तेही जीवघेणं ठरू शकतं.

सोलापुरात जायचं कुठे?

सिव्हिल, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय. मानसोपचार विभागात केसपेपर काढा आणि दारूसाठी आलोय असं स्पष्ट सांगा. फोनवर बोलायचं असेल तर टेलि-मानस १४४१६, व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार देणारा गट, त्यांच्या सभांना फी नाही, आडनाव विचारत नाहीत. घरापासून लांब, राहून उपचार हवे असतील तर पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून हे काम करतं आहे.

आपल्या जिल्ह्याला पुनर्वसनाची कल्पना परकी नाही. मुळेगाव तांड्यासारख्या ठिकाणी हातभट्टीवर नुसत्या धाडी घालून भागत नाही, म्हणून २०२१ मध्ये सोलापूर ग्रामीण पोलिसांनी ‘ऑपरेशन परिवर्तन’ सुरू केलं आणि त्या कुटुंबांना दुसरा रोजगार मिळवून द्यायचा प्रयत्न केला. गाळणाऱ्यासाठी हे करता येतं, तर पिऊन गाडी चालवणाऱ्यासाठी का नाही?

यांनी माणसं मारायची आणि आपण यांचं पुनर्वसन करायचं?

ज्यांच्या घरचं माणूस गेलं आहे त्यांनी हा प्रश्न विचारला तर मी वाद घालत नाही. शिक्षा व्हायलाच हवी. पण कैद संपवून तो माणूस त्याच रस्त्यावर, त्याच गाडीवर परत येणार आहे. तो येईल तेव्हा पिऊन चालवू नये, यासाठी आज आपण काहीच करत नाही. दुसऱ्या कुणाच्या घरी अपघाताचा तो फोन जाऊ नये एवढ्यासाठीच हे सगळं आहे.

कायदा बदलायचा झाला तर काय असावं?

आधी नेदरलँड्सचं उदाहरण वाचावं. तिथे २०११ मध्ये इंटरलॉकची सक्ती आली आणि २०१५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयांनी ती मोडीत काढली. एकाच गुन्ह्यासाठी एकीकडे खटला आणि दुसरीकडे प्रशासनाने लादलेलं यंत्र, अशी दुहेरी शिक्षा होत होती. शिवाय माणसाची परिस्थिती बघून निर्णय घ्यायला जागाच ठेवली नव्हती. आपल्याकडे कायदा करताना हे टाळायचं तर आदेश कोर्टाने द्यावा, खटल्याचाच भाग म्हणून. आदेशाआधी दारूच्या सवयीची तपासणी व्हावी. जागतिक आरोग्य संघटनेची ऑडिट नावाची दहा प्रश्नांची चाचणी पाच मिनिटांत होते. गरीब चालकाचा खर्च सरकारने उचलावा, नाहीतर यंत्र कारवाल्यांना आणि तुरुंग रिक्षावाल्यांना असं होईल. यंत्राची नोंद उपचार करणाऱ्याकडेही जावी. आणि यंत्र काढण्याची तारीख कॅलेंडरवरून ठरू नये. शेवटचे काही महिने एकही अडलेली फुंकर नसेल तरच ते निघावं, नसता मुदत वाढावी. बेल्ट न लावल्याचं चलान घरी पोहोचवणारी यंत्रणा आपण उभी केली आहे, मग हेही आपल्याला जमण्यासारखं आहे.